छोट्या ट्रॅक्टरचा पंजा : निवड, जोडणी आणि दक्षता

दिनांक १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले. त्या दिवशी रस्त्यांवर आडवी झालेली झाडे शासकीय यंत्रणेने आणि गावकऱ्यांनी मिळून दूर केली व वाहतूक पूर्ववत सुरू झाली. परंतु भाटांत आणि कुळागरांत उन्मळून पडलेल्या माडांचे काय झाले, याची विचारपूस फारशी कोणी केली नाही. मोठी यंत्रे बागायतीच्या आत शिरू शकत नाहीत, आणि ओंडके दोरखंडाने ओढून काढण्यासाठी लागणारी माणसे आज मिळत नाहीत. परिणामी कित्येक खोडे जागच्या जागी कुजत राहिली.

कुजणारे खोड ही निव्वळ अडगळ नव्हे. माडाचा वैरी असलेला गेंडा भुंगा अशाच कुजक्या खोडांत आणि शेणखताच्या ढिगांत अंडी घालतो. त्याच्या अळ्या तेथे पोसल्या जातात आणि भुंगा तयार झाला की शेजारच्या उभ्या माडाच्या शेंड्यात शिरतो. गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमांच्या वाटेने पुढे सोंड्या भुंग्याचा शिरकाव होतो, आणि मग तो माड वाचवणे दुरापास्त होते. म्हणजे आज पडलेला एक माड वेळीच हलविला नाही, तर तो उद्या आणखी दोन माड घेऊन जातो.

या कामी अलीकडे काही बागायतदार छोट्या ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस लोडर बसवून त्याला ‘ग्रॅपल’ जोडू लागले आहेत. चालक मंडळी त्याला सरळ ‘पंजा’ म्हणतात, आणि तेच नाव समर्पक होय. प्रस्तुत लेखात या पंजाची निवड कशी करावी, तो कसा जोडावा आणि वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार केला आहे.

एक प्रसंग

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. प्रसिद्धीच्या कामानिमित्त बागायतींत हिंडताना पाहिलेल्या एका प्रसंगामुळे या विषयाकडे त्याचे लक्ष वेधले गेले. एका बागायतीत नवा पंजा जोडलेला ट्रॅक्टर माडाचा ओंडका उचलीत होता. ओंडका गुडघ्याइतका वर आला न आला, तोच ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाके जमिनीपासून वीतभर उचलली गेली. चालक प्रसंगावधानी होता. त्याने लोडरचे बाहू हळूहळू खाली सोडले आणि अनर्थ टळला. बागायतदार मात्र चकित होऊन म्हणाले, “अहो, ट्रॅक्टर नवा, पंजा नवा, मग असे का झाले?”

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या नवेपणात नसून वजनाच्या हिशेबात आहे. तो हिशेब प्रत्येक बागायतदाराला स्वतः मांडता येण्याजोगा आहे.

पंजाचे प्रकार

पंजा म्हणजे पोलादी वाकड्या दात्यांची जबड्यासारखी जोडणी. खालचा जबडा स्थिर असतो. वरचा जबडा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरने उघडतो व मिटतो. बाजारात याचे मुख्यत्वे तीन प्रकार आढळतात.

पहिला, मोकळ्या दात्यांचा पंजा. याच्या दात्यांमधील फटींतून माती खाली गळून जाते. चुडत्या, काजूची छाटणी केलेली फांदी, झुडपे आणि मुळांचे गड्डे उचलण्यास हा उत्तम. आपल्याकडील बागायतींची बहुतेक कामे याच प्रकारात मोडतात.

दुसरा, झाकण असलेली बादली. यात खालचा जबडा बंद पत्र्याचा असतो. शेणखत, दगड, माती अशा सुट्या मालासाठी तो सोयीचा. मात्र पत्र्यामुळे त्याचे स्वतःचे वजन वाढते.

तिसरा, केवळ ओंडक्यांसाठी बनविलेला अरुंद पंजा. तो हलका असतो आणि गोल खोड घट्ट धरतो, परंतु पालापाचोळा त्यातून निसटतो.

काही पंजांना वरचा जबडा एकच असतो, तर काहींना दोन स्वतंत्र जबडे असतात. एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक असलेली मोळी दोन जबड्यांनी अधिक नीट धरली जाते, हे खरे. परंतु दोन जबडे म्हणजे दोन सिलिंडर, अधिक नळ्या आणि अधिक वजन. छोट्या ट्रॅक्टरसाठी, म्हणजे साधारणतः तीस अश्वशक्तीपर्यंतच्या ट्रॅक्टरसाठी, सुमारे चार फूट रुंदीचा, एकाच जबड्याचा, हलका पंजा बहुधा पुरेसा ठरतो. पंजाची रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेरील मापाएवढी असावी. त्याहून फार रुंद पंजा कुळागरात झाडांना घासतो.

वजनाचा हिशेब

लोडरच्या माहितीपत्रकात उचलण्याची क्षमता दिलेली असते. ती बहुधा बाहूंच्या टोकाच्या पिनांपाशी मोजलेली असते. प्रत्यक्षात ओझे पिनांच्या पुढे असते आणि जितके ते पुढे जाईल तितकी क्षमता घटते. याकरिता विक्रेत्यास दोन आकडे विचारावेत : पिनांपाशी क्षमता किती, आणि पिनांच्या पुढे अर्धा मीटर अंतरावर किती?

उदाहरणादाखल असे समजू की, एका लोडरची पिनांपाशी क्षमता ४०० किलो आणि अर्धा मीटर पुढे ३०० किलो आहे. पंजाचे स्वतःचे वजन १२० किलो आहे. तर ओझ्यासाठी उरले किती? ४०० नव्हे, ३०० सुद्धा नव्हे, केवळ १८० किलो. पंजा जितका भक्कम व जड, तितके उचलता येणारे ओझे कमी, ही गोष्ट खरेदीच्या वेळी विसरली जाते. वजनदार पंजा म्हणजे चांगला पंजा, हा समज छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत खोटा आहे.

आता ओंडक्याचे वजन पाहू. ताज्या माडाच्या खोडात पाणी भरपूर असते. हिशेबासाठी त्याची घनता पाण्याइतकी धरणे सुरक्षित होय. ३० सेंटीमीटर व्यासाचा, तीन मीटर लांबीचा तुकडा घेतला, तर त्याचे वजन सुमारे २१० किलो भरते. आपल्या उदाहरणातील लोडरला हा तुकडा झेपणार नाही. तोच तुकडा दोन मीटरचा केला तर वजन १४० किलोच्या आसपास येते आणि काम निर्धास्तपणे होते. याच जाडीचा बारा मीटर लांबीचा अखंड माड साडेआठशे किलोच्या घरात जातो. तो एकदम उचलण्याचा विचारही मनात आणू नये.

दोन मीटरच्या तुकड्याचा आणखी एक लाभ आहे. पोफळीची लागवड सामान्यतः २.७ मीटर अंतरावर केलेली असते. पोफळींच्या खोडांची जाडी वजा जाता दोन ओळींमध्ये अडीच मीटरच्या आसपास जागा उरते. त्यातून दोन मीटरचा आडवा ओंडका नेताना दोन्ही बाजूंस वीतभरच मोकळीक राहते. याहून लांब तुकडा पोफळींच्या साली सोलवटून काढील. शिवाय पोफळीची मुळे वरच्या थरात पसरलेली असतात. यास्तव ट्रॅक्टर ओळींतून वाटेल तसा फिरवू नये. एक ठरावीक वाट आखून घ्यावी आणि ओली जमीन वाळेपर्यंत थांबावे. माडांच्या भाटात साडेसात मीटरचे अंतर असल्याने ही अडचण तेथे भासत नाही.

मागचे वजन : सर्वांत महत्त्वाची बाब

पाठीमागे वजन नसताना पुढे ओझे उचलणे म्हणजे तराजूच्या एकाच पारड्यात माल टाकणे. येथे पुढचा आस हा तराजूचा काटा होय.

समजा, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर १.६ मीटर आहे आणि पंजा व ओझे मिळून ३०० किलो वजन पुढच्या आसाच्या १.२ मीटर पुढे आहे. ३०० गुणिले १.२ म्हणजे ३६०. याला १.६ ने भागले की २२५ येतात. म्हणजे मागच्या चाकांवरील २२५ किलो भार नाहीसा झाला. छोट्या ट्रॅक्टरच्या दृष्टीने ही घट फार मोठी आहे.

ती भरून काढण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागील तीन बिंदूंच्या जोडणीवर वजन टांगावे. हे वजन मागच्या आसाच्या ०.९ मीटर मागे, म्हणजे पुढच्या आसापासून २.५ मीटरवर असेल, तर ३६० ला २.५ ने भागून १४४ किलो वजन लागते. काँक्रीटचे वजन लिटरमागे सुमारे २.४ किलो असते. तेव्हा ६० लिटरच्या पिंपात काँक्रीट भरले की बरोबर एवढे वजन तयार होते. थोडी जादा तरतूद म्हणून ७५ लिटरचे पिंप घ्यावे; त्याचे सुमारे १८० किलो होतात. काँक्रीट ओतण्यापूर्वी जोडणीचा लोखंडी दांडा आणि वरची पकड त्यात भक्कमपणे बसवून घ्यावी. टायरमध्ये पाणी भरणे हाही मार्ग आहे, परंतु पाण्याचा भार मागच्या आसापाशीच राहतो. मागे टांगलेले वजन आसाच्या पलीकडे असल्याने अधिक उपयोगी पडते.

वरील आकडे रीत समजण्यासाठी आहेत. आपल्या ट्रॅक्टरची मापे घेऊन आकडेमोड करावी आणि लोडरच्या पुस्तिकेत मागच्या वजनाचा आकडा याहून अधिक दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

या हिशेबातून दुसरी एक गोष्ट उघड होते. पुढे ३०० आणि मागे १४४ किलो वाढविल्यावर मागच्या चाकांवरील भार केवळ मूळपदावर आला. मग वाढलेले ४४४ किलो गेले कोठे? ते सर्वच्या सर्व पुढच्या आसावर आले. म्हणून पुढच्या आसाची क्षमता पुस्तिकेत पाहून घ्यावी आणि पुढच्या टायरांतील हवा लोडरच्या कामासाठी सांगितलेल्या दाबाइतकी ठेवावी.

तेलाच्या दाबाची व्यवस्था

लोडरला दोन हालचाली असतात : बाहू वर-खाली करणे आणि पुढचे अवजार कलविणे. पंजाची उघडझाप ही तिसरी हालचाल. तिच्यासाठी तेलाचा स्वतंत्र मार्ग लागतो. तो तीन प्रकारे मिळविता येतो.

एक, ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या तेलाच्या जोडणीतून लांब नळ्या पुढे आणणे. हा स्वस्त मार्ग आहे, पण पंजाचा दांडा वेगळ्या जागी राहतो आणि चालकाचा हात वारंवार स्टिअरिंगवरून काढावा लागतो. दोन, बटण दाबताच कलविण्याचे तेल पंजाकडे वळविणारी विजेवर चालणारी झडप. यात कलविणे व पकडणे एकाच वेळी होत नाही, परंतु बागायतीच्या कामाला ते पुरते. तीन, पंजासाठी संपूर्ण स्वतंत्र झडप. ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत खर्चाची.

पंजाला मोठा पंप लागतो, ही समजूत निराधार आहे. पाच सेंटीमीटर व्यासाच्या व वीस सेंटीमीटर सरकणाऱ्या सिलिंडरमध्ये सुमारे ०.४ लिटर तेल मावते. मिनिटाला वीस लिटर तेल देणारा पंप ते सव्वा सेकंदात भरतो. जोराचे म्हणाल तर, तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो धरल्यास याच सिलिंडरचा दट्ट्या सुमारे २,९०० किलोच्या जोराने पुढे सरकतो. दात्यांच्या टोकाशी हा जोर बराच कमी होतो, तरीही खोड धरून ठेवण्यास तो पुरेसा असतो. खरेदीच्या वेळी एवढे मात्र पाहावे की, नळी फुटली तरी जबडा उघडू नये यासाठी तेल रोखून धरणारी झडप सिलिंडरला बसविलेली आहे काय.

जोडणीचा क्रम

१. ट्रॅक्टर सपाट व कठीण जमिनीवर उभा करावा. लोडरचा सांगाडा त्याच ट्रॅक्टरच्या नमुन्यासाठी बनविलेला असावा. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात केलेली जुळवाजुळव येथे घातक ठरू शकते.

२. मागचे वजन आधी जोडावे, पंजा नंतर.

३. पंजा बाहूंच्या टोकांवर अडकवून दोन्ही पिना पूर्ण आत गेल्याचे खाली उतरून डोळ्यांनी पाहावे. आवाजावरून अंदाज करू नये.

४. तेलाच्या जोडण्या स्वच्छ फडक्याने पुसून मगच जोडाव्यात. आत गेलेला मातीचा एक कण झडप बिघडवितो.

५. नळ्या बांधण्यापूर्वी बाहू सर्वांत वर, सर्वांत खाली, पंजा पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर, अशा सर्व स्थिती सावकाश तपासाव्यात. कोठेही नळी ताणली जाऊ नये वा चिमटली जाऊ नये.

६. पंजा काही वेळा रिकामा उघडझाप करून आतील हवा जाऊ द्यावी. त्यानंतर बाहू खाली टेकवून तेलाची पातळी पाहावी व पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल भरावे.

७. सर्व सांध्यांना ग्रीस द्यावे. पहिल्या दहा तासांच्या कामानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

८. पहिला दिवस हलक्या ओझ्याचा, चुडत्यांचा व फांद्यांचा ठेवावा. ओंडके दुसऱ्या दिवशी.

प्राणांशी निगडित सूचना

ओझे नेताना ते जमिनीपासून हातभरच वर ठेवावे. उंच उचललेला गोल ओंडका बाहूंवरून घरंगळत थेट चालकाच्या अंगावर येऊ शकतो. चढणीवर तोंड वर करून चढावे आणि उतरताना मागे-मागे उतरावे, म्हणजे ओझे नेहमी चढाच्या बाजूस राहते. उतारावर आडवे जाऊ नये. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतात. मागची चाके हलकी झाली की ब्रेकही निकामी होतो. म्हणून पुढे ओझे असताना चारही चाकांची गती जोडलेली असावी. चालकाच्या पाठीमागील संरक्षक कमान उभी असावी व पट्टा बांधलेला असावा.

उचललेल्या बाहूंखाली कोणीही जाऊ नये. पंजात वा लोडरवर माणसाला उभे करून नारळ पाडण्याचा मोह कित्येकांना होतो. पाडेली मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. तथापि पंजा हा माणसांचा पाळणा नव्हे. एक नळी फुटली, तर खाली सावरणारे काहीही नसते.

तेलाची गळती हाताने चाचपून कधीही शोधू नये. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून तेल आत घुसविते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, परंतु काही तासांत हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी. तेल अंगात शिरल्याचा संशय आला, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाखालचे तेल शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नळ्या सोडविण्यापूर्वी बाहू जमिनीवर टेकवावेत, इंजिन बंद करावे आणि दांडे हलवून दाब मोकळा करावा.

वादळानंतर पडलेल्या झाडात विजेची तार अडकलेली असेल, तर वीज खात्याची माणसे येईपर्यंत ट्रॅक्टर त्या बाजूस नेऊच नये. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापताच बुंधा अकस्मात मूळ जागी उभा राहतो. तेव्हा त्या खड्ड्यात वा बुंध्यामागे कोणी उभे नाही याची खात्री करावी. उभे झाड तोडावयाचे असल्यास १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये पूर्वपरवानगी आवश्यक आहे, हेही ध्यानात असावे.

घ्यावा की भाड्याने आणावा?

वर्षाकाठी दोन-तीन माड पडणाऱ्या बागायतदाराने पंजा विकत घेण्यात हशील नाही. लोडर, पंजा, झडप, नळ्या आणि मागचे वजन यांचा एकत्रित खर्च मांडावा. विक्रेते पुष्कळदा केवळ पंजाची किंमत सांगतात. ज्यांच्याकडे काजूची मोठी लागवड आहे, किंवा जे शेजारपाजारच्या भाटांत भाड्याने काम करू इच्छितात, त्यांना तो परवडू शकेल. वाड्यावरील चार-सहा बागायतदारांनी एकत्र येऊन घेतल्यास उत्तम. केंद्र शासनाची कृषी यांत्रिकीकरणाची योजना २०१४-१५ मध्ये सुरू झाली. तिच्या वा राज्याच्या योजनांखाली कोणत्या अवजारास साहाय्य मिळते, याची चौकशी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात खरेदीपूर्वीच करावी.

शिक्षक बंधुभगिनींसाठी

या लेखातील दोन्ही तत्त्वे वर्गात दाखविता येतील. पेन्सिलीवर पट्टी तोलून धरावी आणि दोन्ही बाजूंस नाणी ठेवीत अंतर बदलावे. मागच्या वजनाचा हिशेब मुलांना लगेच उमगेल. सुई नसलेल्या, लहानमोठ्या जाडीच्या दोन सिरिंज पाण्याने भरून रबरी नळीने जोडाव्यात. लहान दट्ट्या एका बोटाने दाबला असता मोठा दट्ट्या अधिक जोराने उचलतो. ज्या घरी ट्रॅक्टर आहे, त्या घरचे मूल संध्याकाळी वडिलांना विचारील, “बाबा, आपल्या ट्रॅक्टरच्या मागे वजन लावले आहे ना?”

त्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देता यावे. पडलेला माड चार दिवस उशिरा उचलला तरी चालेल, परंतु तो उचलणारा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे.